तोलून धरणारी : एका संगमरवरी धैर्यमूर्तीचे परीक्षण

गेले सात महिने माझ्या वाचनाच्या खोलीत संगमरवराची एक स्त्री उभी आहे. बैठकीसह तिची उंची ६२ सेंटिमीटर आहे आणि वजन २१ किलो. तिच्या डाव्या अंगाला छातीपर्यंत येणारा एक भंगलेला स्तंभ आहे, डावा हात त्या स्तंभाला वेढून पलीकडे गेला आहे आणि उजव्या हाताचा तळवा शेजारी बसलेल्या सिंहाच्या आयाळीवर टेकला आहे. विक्रेत्यांनी वर्णनात ‘स्त्रीसामर्थ्याचे रूपकशिल्प, अस्सल संगमरवर, हातकाम’ एवढेच लिहिले होते आणि सोबत समोरून घेतलेली चार छायाचित्रे दिली होती. यातले पहिले दोन दावे खरे निघाले. तिसरा अर्धाच खरा निघाला. मूर्ती आली त्याच आठवड्यात हे परीक्षण लिहिता आले असते, पण दगडाच्या मूर्तीबद्दलचे पहिल्या आठवड्यातले मत फारसे टिकत नाही. उन्हाची तिरीप सरकते, आपण मूर्तीची जागा बदलतो, आणि सुरुवातीला जिथे नजर गेलीही नव्हती तिथेच ती पुढे रेंगाळू लागते. मी काही वर्षे हौसेने दगडकाम शिकले आहे, त्यामुळे पुढे जे लिहिते आहे ते थोडे छिन्नी धरणाऱ्या हाताचे आणि बरेचसे रोज पाहणाऱ्या डोळ्यांचे मत आहे.

आधी ही स्त्री कोण, हे सांगायला हवे, कारण विक्रेत्यांच्या वर्णनात तिचे नाव नव्हते. स्तंभ आणि सिंह ही दोन चिन्हे एकत्र आली की युरोपीय शिल्पपरंपरेत ती ‘धैर्य’ या सद्गुणाची मूर्ती समजली जाते. शहाणपण, न्याय, संयम आणि धैर्य असे चार मुख्य सद्गुण त्या परंपरेत मानले गेले आणि लॅटिन भाषेत या चौघांची नावे स्त्रीलिंगी असल्यामुळे त्यांना स्त्रीरूप मिळाले. मराठीत ‘धैर्य’ नपुंसकलिंगी असले तरी ‘शक्ती’ आणि ‘धृती’ हे शब्द स्त्रीलिंगीच आहेत, म्हणून ही कल्पना आपल्या कानाला परकी वाटत नाही. मात्र हे स्त्रीरूप नेहमीच गृहीत धरले गेले असे नाही. इटलीतील पिसा येथील बाप्तिस्मागृहासाठी शिल्पकार निकोला पिसानो याने १२६० मध्ये संगमरवरी व्यासपीठ घडवले, तेव्हा त्यावर धैर्याची मूर्ती म्हणून त्याने चक्क ग्रीक-रोमन कथांतला बलाढ्य वीर हर्क्युलिस विवस्त्र उभा केला. पुढे सुमारे १३०५ मध्ये चित्रकार जोत्तो याने इटलीतल्याच पादुआ येथील चॅपेलच्या, म्हणजे छोट्या प्रार्थनाघराच्या, भिंतीवर हेच धैर्य ढाल घेतलेल्या, सिंहाचे कातडे पांघरलेल्या भक्कम स्त्रीच्या रूपात रंगवले आणि रंगवताना ते दगडात कोरल्यासारखे भासावे म्हणून फक्त करड्या छटा वापरल्या. १५९३ मध्ये रोममध्ये चेझारे रीपा याचा प्रतीकांचा कोश छापला गेला आणि कोणत्या सद्गुणाच्या हाती कोणती वस्तू द्यायची, याचा कारागिरांना हाताशी धरता येईल असा आधार तयार झाला.

हा तपशील खरेदीदाराच्याही उपयोगाचा आहे. ‘स्त्रीसामर्थ्य’ या नावाखाली आज जे विकले जाते त्यात बऱ्याचदा एखादी सुंदर स्त्री असते, तिच्या हातात तलवार असते किंवा पाठीला पंख असतात, आणि त्या वस्तूंचा तिच्या शरीराशी काहीही संबंध नसतो. तलवार काढून त्या जागी फुलांचा गुच्छ दिला तरी तिच्या खांद्यात, मानेत, पावलांत तसूभर फरक पडणार नाही, इतकी ती वस्तू उपरी असते. रूपकशिल्पाची माझी पहिली कसोटी हीच आहे की हातातली किंवा शेजारची वस्तू मनातल्या मनात काढून टाकावी आणि मूर्ती पडते का ते पाहावे. जी पडते ती खरी.

ही मूर्ती पडते. स्तंभ काढला तर ती डावीकडे कोसळेल, अशीच ती घडवलेली आहे.

भंगलेला स्तंभ हे चिन्ह बायबलमधील सॅमसनच्या कथेवरून आले. त्याने मंदिराचे खांब उलथून पाडले, म्हणून मोडका खांब ही बळाची खूण ठरली. बहुतेक चित्रांत आणि शिल्पांत धैर्याची स्त्री त्या तुटक्या खांबाला नुसती टेकून उभी असते किंवा त्याचा तुकडा मिरवीत असते. पाहणाऱ्याने समजून घ्यायचे की हिने तो मोडला, निदान हिच्या अंगी तो मोडण्याचे बळ आहे. माझ्याकडच्या मूर्तीत घडवणाऱ्याने इथे एक बदल केला आहे आणि मी ही मूर्ती घेतली ती त्या बदलामुळे. स्तंभाचे दोन खंड आहेत. वरचा खंड खालच्यावरून जवळजवळ दोन बोटे सरकला आहे, तिच्या दिशेने कलला आहे आणि तिच्या डाव्या खांद्याखाली, बरगड्यांना टेकून थांबला आहे. तिने तो मोडलेला नाही. तो पडतो आहे आणि ती तो धरून उभी आहे. डावा हात त्याला मिठी घालून गेला आहे, डावा गुडघा किंचित वाकला आहे, उजवे पाऊल मागे जाऊन तिरके रोवले गेले आहे. स्तंभाचा भार तिच्या बरगड्यांवरून कमरेत, कमरेतून उजव्या मांडीत आणि तिथून सरळ उजव्या टाचेत उतरतो. ही तिरकी रेघ एकदा दिसली की मूर्तीत दुसरे काही शोधावेसे वाटत नाही. उजव्या पायाची बोटे जमिनीला धरून आहेत, अंगठ्याचे पेर आत दुमडले गेले आहे आणि टाचेच्या वरची शीर ताणलेली आहे. एवढ्या लहान आकारात हे तीन तपशील अचूक साधणाऱ्या कारागिराला ओझे उचलण्याचा प्रत्यक्ष अनुभव असला पाहिजे, असे मला खात्रीने वाटते.

आणि उजवा हात? तो सिंहाच्या आयाळीवर अगदी हलका आहे. अंगाच्या एका बाजूने एवढा भार पेलत असताना दुसऱ्या बाजूचा हात सैल ठेवणे, हे शिल्पात दाखवायला फार अवघड काम आहे. नवखा कारागीर दोन्ही हात ताणून ठेवतो, कारण त्याला वाटते की ताण जितका जास्त तितके बळ जास्त. इथे डावा दंड फुगलेला आहे, उजवा मोकळा आहे, आणि या दोहोंच्या मधे मान जराही पिळवटलेली नाही. जी माणसे रोज भार उचलतात त्यांचे शरीर असेच वागते. जिथे गरज आहे तिथेच बळ वापरते आणि बाकीचे अंग विसावू देते.

इथे संगमरवराबद्दल थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण या मूर्तीचा अर्थ आणि तिचा दगड यांचे नाते मला पुढे हळूहळू उमगत गेले. संगमरवर म्हणजे प्रचंड उष्णता आणि दाब यांमुळे रूपांतर झालेला चुनखडक. त्याचे स्फटिक एकमेकांत घट्ट गुंतलेले असतात. हा दगड दाब उत्तम सोसतो, ताण मात्र फार थोडा सोसतो. त्याच्यावर ओझे ठेवा, तो शतकानुशतके पेलेल. त्याचा बारीक तुकडा आडवा लांब काढा, तो स्वतःच्याच वजनाने मोडू शकतो. म्हणूनच प्राचीन रोममध्ये ग्रीक कांस्यमूर्तींच्या प्रती संगमरवरात करताना पायाशी झाडाचा बुंधा जोडला जाई. कांस्याला त्याची गरज नव्हती, दगडाला होती. मायकेलअँजेलोचा ५.१७ मीटर उंचीचा डेव्हिडचा संगमरवरी पुतळा पाहताना त्याच्या उजव्या पायामागचा बुंधा पुष्कळांच्या लक्षात येत नाही, पण त्याच्याशिवाय तो उभा राहणे कठीण होते, आणि तो असूनही डेव्हिडच्या पायांत केसासारख्या बारीक भेगा पडलेल्या आहेत. उगारलेली तलवार, झेपावलेला हात, वाऱ्यावर उडणारा पदर या सगळ्या गोष्टी संगमरवरात करता येतात, पण त्या दगडाच्या स्वभावाविरुद्ध जाऊन कराव्या लागतात आणि त्यासाठी कुठेतरी आधाराचा दांडा ठेवावा लागतो.

भार पेलणारी स्त्री मात्र दगडाच्या स्वभावातच बसते. याचे सर्वांत मोठे उदाहरण अथेन्सच्या अक्रोपोलिस टेकडीवरील एरेक्थिऑन या मंदिराचे आहे. तिथे इसवी सनपूर्व पाचव्या शतकाच्या अखेरीस घडवलेल्या सहा संगमरवरी स्त्रिया सज्जाचे छत डोक्यावर घेऊन उभ्या राहिल्या. (आता पाच मूळ मूर्ती अथेन्सच्या संग्रहालयात आहेत, एक लंडनला आहे आणि मंदिरात प्रतिकृती उभ्या आहेत.) त्यांच्या पाठीवर जाड वेण्यांचा जो भार सोडला आहे तो नुसत्या शोभेसाठी नाही. छताचे वजन डोक्यावर घेतल्यावर मूर्तीची सर्वांत नाजूक जागा म्हणजे मान, आणि त्या केसांच्या जाडीमुळे मानेला मागून बळकटी मिळाली. भार घेणाऱ्या पायावरचे वस्त्रही त्या शिल्पकारांनी स्तंभावरच्या उभ्या खाचांसारखे सरळ पाडले, दुसऱ्या पायावर मात्र ते अंगाला चिकटून गुडघ्याचा आकार दाखवते. माझ्या मूर्तीच्या कारागिराने ही गोष्ट नक्की पाहिलेली आहे. उजव्या, भार पेलणाऱ्या मांडीवरून खाली येणाऱ्या चुण्या ओळंबा सोडल्यासारख्या सरळ आहेत आणि डाव्या गुडघ्यावरचे वस्त्र ताणून गुळगुळीत झाले आहे. केसांचा सैल अंबाडाही मानेवर खाली उतरवला आहे, त्यामुळे मान मागून दुप्पट जाड झाली आहे, आणि समोरून पाहणाऱ्याला याचा पत्ता लागत नाही.

यातली मला सर्वांत आवडलेली गोष्ट अशी की मूर्तीच्या घोट्यांची जाडी जेमतेम तीन सेंटिमीटर असल्यामुळे वरचा सगळा दगड केवळ त्या दोन घोट्यांवर सुरक्षित राहिला नसता. प्रत्यक्षात तो भार घेतो स्तंभ. रूपकात ती स्तंभाला सावरते, दगडात स्तंभ तिला सावरतो. इतर मूर्तींत जो आधाराचा बुंधा लपवावा लागतो तोच इथे कथेचा मुख्य भाग झाला आहे.

आता उणिवांकडे येते. त्या आहेत आणि एक चांगलीच मोठी आहे.

चेहरा फसला आहे. पावलांत, कमरेत, दंडात जे घडते आहे त्याची चेहऱ्याला वार्ताही नाही. नाक सरळ, ओठ बारीक, भुवया कमानदार, डोळे अर्धवट मिटलेले. शंभर बागांतल्या शंभर कारंज्यांवर बसवता येईल असा हा ठरीव चेहरा आहे. भार पेलणाऱ्याचा चेहरा वेडावाकडा झालाच पाहिजे असे मी म्हणत नाही. एरेक्थिऑनच्या स्त्रियांचे चेहरेही शांत आहेत, पण ती शांतता लक्ष एकवटलेल्या माणसाची आहे. इथली शांतता झोपाळू आहे. जबड्याची एक रेघ आवळली असती, नाकपुडी थोडी फुलली असती, तर पुरे होते. शिवाय चेहरा इतका घासला आहे की गालावर काचेसारखी चकाकी आली आहे आणि तिच्यावर खिडकीचे प्रतिबिंब दिसते. दगडाला असे चकचकीत केले की प्रकाश पृष्ठभागावरूनच परततो. संगमरवराचे खरे देणे असे की प्रकाश त्याच्या आत थोडा शिरतो आणि मग बाहेर येतो, त्यामुळे तो त्वचेसारखा भासतो, आणि ते देणे या चेहऱ्याने गमावले आहे. पोट, दंड आणि पाठ यांना मऊ, किंचित खरखरीत पोत ठेवला आहे. तिथे उजेड पडला की दगड जिवंत होतो.

चेहऱ्याच्या या अपयशाने मला सामोथ्रेस बेटावर १८६३ मध्ये सापडलेल्या विजयदेवतेची आठवण येत राहते. पॅरिसच्या लूव्ह्र संग्रहालयात जिन्याच्या माथ्यावर उभ्या असलेल्या त्या मूर्तीला डोके नाही, हातही नाहीत, आणि तरीही वाऱ्याला छातीवर घेत जहाजाच्या टोकावर उतरणाऱ्या तिच्या धडात नि पायांत जे बळ आहे त्याच्या जवळपास जाणारे शिल्प मला माहीत नाही. सामर्थ्य दाखवायला शिल्पकाराला चेहऱ्याची गरज नसते, हे त्या मूर्तीने दाखवून दिले आहे. मीही माझ्या मूर्तीकडे आताशा मानेखालीच पाहते. पण पूर्ण मूर्ती घेणाऱ्याने अशी तडजोड का करावी, हा प्रश्न रास्त आहे.

सिंहही कमकुवत आहे. आयाळीच्या बटा समांतर, एकसारख्या खोलीच्या आहेत आणि पंजे गोळ्यासारखे आहेत. डाव्या हाताची बोटे स्तंभापलीकडे जिथे दिसत नाहीत तिथे एकमेकांपासून सोडवलेलीच नाहीत, चार बोटांचा एकच पट्टा आहे. हे मात्र मी दोष मानीत नाही. सामोथ्रेसच्या विजयदेवतेचीही एक बाजू दुसरीपेक्षा कमी घडवलेली आहे, कारण ती विशिष्ट कोनातून पाहण्यासाठीच योजलेली होती. जिथे नजर पोहोचणार नाही तिथे श्रम वाचवणे ही जुनी आणि प्रामाणिक रीत आहे.

प्रामाणिकपणाचा प्रश्न येतो तो ‘हातकाम’ या शब्दापाशी. मूर्ती उलटी फिरवून पाठीमागच्या वस्त्राच्या खोबणीत टॉर्चचा उजेड तिरपा टाकला तेव्हा एकमेकींना अगदी समांतर, समान अंतरावरच्या बारीक रेघा दिसल्या. हाताने चालवलेल्या दातेरी छिन्नीच्याही रेघा पडतात, पण त्या पृष्ठभागाच्या वळणाबरोबर दिशा बदलतात, कधी खोल जातात, कधी उचलतात. या रेघा वळणाची पर्वा न करता एकाच दिशेने जातात. संगणकावर चालणाऱ्या कोरीव यंत्राची, म्हणजे सीएनसीची, ही खूण आहे. मी विक्रेत्यांना छायाचित्र पाठवून विचारले. चार दिवसांनी उत्तर आले की मूळ मातीचा नमुना हाताने केलेला आहे, दगडाचे पहिले खोदकाम यंत्राने होते आणि शेवटचे काम कारागीर हाताने करतात. उत्तर सरळ होते, सूर सभ्य होता. पण ही माहिती विचारल्याशिवाय मिळाली नाही, आणि ती आधीपासून लिहिलेली असायला हवी होती.

यंत्राचा वापर मला स्वतःला खटकत नाही. नमुन्यावरची खोली सुईने मोजून ती दगडावर उतरवण्याचे उपकरण अठराव्या शतकाच्या अखेरीपासून वापरात आहे, आणि त्याही आधीपासून मोठ्या कार्यशाळांत दगडाचे बरेचसे काम मदतनीसच करीत आले. अमेरिकन शिल्पकार हॅरिएट हॉस्मर हिने साखळदंडात चालणाऱ्या झेनोबिया राणीची भव्य संगमरवरी मूर्ती १८५९ मध्ये पूर्ण केली, तेव्हा एका स्त्रीच्या हातून असे काम होणे शक्य नाही, ते तिच्या इटालियन कारागिरानेच केले असावे, अशी कुजबूज लंडनमध्ये छापूनही आली. तिने कायद्याची वाट धरली, छापणाऱ्यांना माघार घ्यायला लावली, आणि १८६४ मध्ये लेख लिहून मातीच्या नमुन्यापासून दगडापर्यंत कोणते काम शिल्पकार करतो आणि कोणते मदतनीस, हे जगासमोर मांडले. जी पद्धत सगळे पुरुष शिल्पकार वापरीत होते तिच्याबद्दल जाब मात्र एकट्या तिला विचारला गेला. दीडशे वर्षांहून जुन्या त्या लेखामागची भूमिका मला आजही योग्य वाटते, की काम कसे झाले ते उघड सांगावे, त्यात लपवण्यासारखे काही नसते. स्त्रीसामर्थ्याचे शिल्प विकणाऱ्यांनी तर ते आवर्जून सांगावे.

या मूर्तीत हात कुठे फिरला आणि कुठे नाही, हे सात महिन्यांनी मला बऱ्यापैकी वाचता येते. उजवे पाऊल, टाच, कंबर आणि डावा दंड यांवर माणसाने वेळ घालवला आहे. सिंह आणि चेहरा यंत्रातून निघाले आणि फक्त घासले गेले.

दगड अस्सल आहे का, याची खात्री करताना एक प्रचलित सल्ला टाळावा असे सांगेन. व्हिनेगरचा थेंब टाकून फेस येतो का पाहा, असे पुष्कळ जण सुचवतात. रेझिनमध्ये, म्हणजे कृत्रिम राळेत, संगमरवराची भुकटी मिसळून साच्यात ओतलेल्या मूर्तीवरही फेस येऊ शकतो, कारण भुकटी त्याच दगडाची असते. आणि अस्सल मूर्तीवर तो थेंब कायमचा निस्तेज डाग ठेवून जातो. त्यापेक्षा तळवा टेकवावा. दगड हातातली ऊब लगेच ओढून घेतो आणि बराच वेळ गार लागतो, रेझिन लवकर कोमट होते. भिंगातून, तिरप्या उजेडात पाहिले तर अस्सल संगमरवरात साखरेच्या दाण्यांसारखे स्फटिक लुकलुकतात. साच्यातल्या मूर्तीत काखेत, केसांच्या मुळाशी हवेचे बुडबुडे आणि बाजूने जाणारी जोडरेघ सापडते. राखाडी शीर नैसर्गिक असेल तर ती एका बाजूने आत शिरून दुसऱ्या बाजूने बाहेर पडते. माझ्या मूर्तीत अशी एक शीर डाव्या मांडीतून शिरून मागे निघते. वजनाचाही उपयोग होतो. संगमरवराची घनता पाण्याच्या सुमारे २.७ पट असते, त्यामुळे २१ किलोच्या मूर्तीने आठ लिटरहून थोडी कमी जागा व्यापली पाहिजे, आणि या मूर्तीच्या आकारमानाचा ढोबळ हिशेब त्याच्या जवळ येतो.

बैठकीच्या मागच्या कोपऱ्यात बोटभर लांबीची एक भेग पांढऱ्या लुकणाने भरलेली सापडली. भार येतो त्या जागेपासून ती दूर आहे, भरण पक्के आहे, म्हणून मी मूर्ती परत केली नाही. विक्रेत्यांनी तिचाही उल्लेख केला नव्हता.

बांधणीबद्दल तक्रार नाही. लाकडी खोके, आत मूर्तीच्या आकाराप्रमाणे कापलेला फोम, आणि मान व घोटे यांना वेगळा आधार. उचलताना कुठे धरायचे याचा कागद होता, त्यावर हात किंवा डोके धरू नये असे ठळक लिहिले होते. दोन माणसांनी बैठकीखाली हात घालून ती बाहेर काढली. तळाशी नमदा लावलेला होता, त्यामुळे लाकडी चौथऱ्यावर ओरखडा उठला नाही.

जागेबद्दल थोडे. पहिले दोन महिने मी ती भिंतीला पाठ करून, समोर दिवा ठेवून उभी केली होती आणि ती सपाट, निर्जीव दिसे. पांढऱ्या दगडावर समोरून उजेड टाकला की सगळ्या सावल्या पुसल्या जातात आणि मग उरतो तो फक्त बाह्याकार. पुढे ती खिडकीजवळ आणली, उजेड तिच्या उजवीकडून, थोडा वरून येईल असा ठेवला, तेव्हा चुण्यांची खोली उघडली आणि टाचेवरची शीर प्रथमच दिसली. विक्रेत्यांच्या चारही छायाचित्रांत प्रखर उजेड समोरूनच होता. शिल्पातले सर्वांत चांगले काम त्यांनी स्वतःच झाकून ठेवले आहे. मूर्ती टेबलाच्या उंचीपेक्षा वर ठेवू नये, असेही सुचवीन, कारण पावले नजरेच्या जरा खाली असली तरच त्यांची पकड कळते. उंच फळीवर ठेवली तर हनुवटी आणि सिंहाचे नाक एवढेच हाती लागेल.

निगा सोपी आहे. मऊ, कोरड्या ब्रशने धूळ झटकावी, वर्षातून एकदोनदा ऊर्ध्वपातित पाण्यात भिजवून पिळलेल्या सुती कापडाने पुसावे आणि लगेच कोरडे करावे. लिंबू, व्हिनेगर किंवा फरशी स्वच्छ करण्याची आम्ले जवळही आणू नयेत. चहा-कॉफीचा थेंब सच्छिद्र दगडात मुरतो, लोखंडी वस्तू टेकवली तर गंजाचा डाग चढतो. हात लावण्याचा मोह होतोच, पण हाताच्या तेलाने दगड वर्षानुवर्षांत पिवळसर पडतो. खनिजांचा कठीणपणा १ ते १० मध्ये मोजणाऱ्या मोस मापनपट्टीवर संगमरवर ३ च्या आसपास असतो, पोलादी चाकू त्याला सहज ओरखडतो, हे ध्यानात ठेवलेले बरे.

ही मूर्ती कोणी घ्यावी? चेहऱ्यासाठी मूर्ती घेणाऱ्याने घेऊ नये. खोलीत पाऊल टाकताच डोळे दिपावेत अशी अपेक्षा असेल तर ती इथे पुरी होणार नाही. पूर्ण हातकामच हवे असेल त्याने आधी पाठीमागच्या चुण्यांची जवळून, तिरप्या उजेडात घेतलेली छायाचित्रे मागवावीत आणि उत्तर लेखी घ्यावे. दगडकामाची किंवा शरीररचनेची आवड असेल आणि एकच वस्तू वर्षभर पाहण्याची तयारी असेल, त्याला मी ती नि:संकोच सुचवीन. पाचपैकी गुण द्यायचे तर शिल्पाच्या कल्पनेला पाच, दगडाला चार, चेहऱ्याला दीड आणि विक्रेत्यांच्या वर्णनाला दोन देते.

मागच्या महिन्यात मी मूर्ती चौथऱ्यावर पाव फेरा वळवली. आता लिहिण्याच्या मेजावरून तिचा चेहरा दिसत नाही. दिसते ती पाठ, कमरेतून उतरणारी तिरकी रेघ आणि मागे रोवलेली उजवी टाच. सकाळी नऊच्या सुमारास खिडकीतले ऊन त्या टाचेपर्यंत पोहोचते.